क्रीडाभाषेचा पुरावा : पालघर-बोईसर परिसर आणि व्हिडिओ गेम

विटीदांडूच्या खेळात ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी मोजणी महाराष्ट्रातील मुले पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशी या शब्दांचे साम्य उघड आहे. हे शब्द कोणत्याही शाळेने शिकविले नाहीत. मोठ्या मुलांकडून ते लहानांनी उचलले. दोन भाषिक समाजांच्या जुन्या संपर्काची खूण अशा रीतीने खेळाने जतन केली. तरुण पिढी आणि व्हिडिओ गेम यांच्या संबंधाचा अभ्यास करताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल. कारण खेळणाऱ्यांचे बोलणे हेदेखील इतिहासाचे साधन होय.

अशा अभ्यासाला पालघर आणि बोईसर-तारापूर हा परिसर विशेष अनुकूल आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील वाडवळ, मांगेली, वारली इत्यादी बोलींचे नमुने आले आहेत. गुजरातीचे सान्निध्य येथे पूर्वीपासूनच होते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले, तसेच बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली आणि परप्रांतीय कामगारांच्या भाषा येथे नांदू लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हे मिश्रण पुरते रुजलेले होते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा प्रमुख नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. त्यामुळे बोलींची तुलना सुलभ झाली हे खरे. तथापि खेळता-भांडताना मुलांच्या तोंडी येणारी भाषा त्या पद्धतीच्या कक्षेत येणे शक्य नव्हते.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत दूरचित्रवाणी-संचाला जोडावयाचे खेळ आले; पुढे सायबर कॅफे आले. त्या काळी खेळाडू बहुधा एकाच खोलीत बसत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाईल’ हा खेळ आला. एका डावात शंभरपर्यंत खेळाडू, त्यांत चौघांचा एक गट आणि गटातील सोबत्यांशी प्रत्यक्ष बोलण्याची सोय, अशी त्याची रचना. सोबती शेजारच्या चाळीतला असेल, तसा दूरच्या प्रांतातलाही असेल. मांगेली बोलणाऱ्या घरातील मुलगा अशा गटात कोणती भाषा निवडतो, इशारा कोणत्या भाषेत देतो, चिडल्यावर कोणत्या भाषेकडे वळतो, हे प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय नाहीत. समूहात कोणाला मान आहे आणि कोण स्वतःची बोली झाकतो, हेही त्यांतूनच उलगडते.

या खेळांविषयीची सार्वजनिक चर्चा मात्र निराळ्या दिशेने झाली. जानेवारी २०१९ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावे पब्जीवर बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने मान्य केलेल्या नव्या रोगवर्गीकरणात खेळाच्या अनावर आसक्तीस विकार म्हणून स्थान मिळाले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव पब्जीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला, जुलै २०२२ मध्ये तो हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाईन खेळ निषिद्ध ठरवून ई-क्रीडेस मान्यता दिली. व्यसनाचा व द्रव्यहानीचा धोका नाकारण्याचे कारण नाही. परंतु न्याय, आरोग्य व सुरक्षा यांच्या कागदपत्रांत खेळणारा तरुण बहुधा दुसऱ्याच्या शब्दांतून बोलतो.

येथेच इतिहासाभ्यासकाची खरी अडचण आहे. विटीदांडूचे शब्द टिकले, कारण मैदान तेच राहिले आणि मुले बदलत गेली. येथे डाव संपताच संभाषण विरून जाते. सेवा बंद झाली की मैदानच नाहीसे होते. म्हणून खेळाडूंची, आणि ते अज्ञान असल्यास पालकांचीही, संमती घेऊन हे बोलणे आजच ध्वनिमुद्रित केले पाहिजे. बोलणाऱ्याची घरची भाषा व शिक्षणाचे माध्यम यांचीही नोंद ठेवली पाहिजे. अन्यथा पुढील काळाच्या संशोधकास या पिढीवरील निर्बंधांचा इतिहास सविस्तर लिहिता येईल; तिच्या खेळाचा मात्र येणार नाही.