पॉइंट बावीसचे पिस्तूल

रिमफायर काडतूस जन्माला आले ते पॅरिसच्या दिवाणखान्यांसाठी. १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर यांनी ठासणीच्या बंदुकीची स्फोटक टोपी घेऊन तिच्या तोंडात शिशाची बारीक गोळी बसवली. आत दारू नव्हतीच. टोपीतला मसाला फुटला की तेवढ्याच जोरावर गोळी सुटे. आवाज कमी, धूर जवळजवळ नाही. त्यामुळे घरात बसून नेमबाजी करण्याचा शौक युरोपात रुजला आणि त्यासाठी खास पिस्तुले तयार होऊ लागली.

या कल्पनेत दारूची भर घालून अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी १८५७ मध्ये सात गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे काडतूस आज पॉइंट टू-टू शॉर्ट म्हणून ओळखले जाते. आरपार भोके असलेल्या चक्राचे पेटंट रॉलिन व्हाइट यांच्याकडे होते. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे त्यांना २५ सेंट मिळत. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि इतर कारखान्यांना वाट मोकळी झाली.

काडतुसाची रचना नीट पाहिली तर पुढचा सारा इतिहास उलगडतो. पितळी नळकांड्याच्या बुडाला पोकळ कड (रिम) असते आणि मसाला त्या कडेतच भरलेला असतो. चाप ओढला की पिन कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. कड चेपता यावी म्हणून पत्रा पातळच ठेवावा लागतो, म्हणून आत फार दाब निर्माण करता येत नाही. चेपलेले काडतूस पुन्हा भरताही येत नाही. पण हीच दुबळी रचना स्वस्त पडते आणि हाताला धक्काही फारसा देत नाही. नेम शिकणाऱ्याला दिवसाकाठी शंभर गोळ्या झाडायच्या असतील, तर याहून सोयीचे काडतूस नाही.

१८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याला आजचे रूप दिले. जुन्या पॉइंट टू-टू लाँगच्या नळकांड्यावर २९ ग्रेनऐवजी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी आली. हेच लाँग रायफल काडतूस. नाव रायफलचे असले तरी पिस्तुलांनाही ते मानवले.

१९१५ मध्ये कोल्ट कंपनीने जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून अर्धस्वयंचलित पिस्तूल काढले. १९२७ पासून ते ‘वुड्समन’ नावाने विकले गेले. सडपातळ बांधणी, दहा गोळ्यांचे मॅगझिन, हातात नेमके बसणारा तोल. पिस्तूल उत्तम होते, पण घडवायला मेहनतीचे.

त्यावर उपाय शोधला विल्यम रुगर यांनी. अलेक्झांडर स्टर्म यांच्या भांडवलावर त्यांनी १९४९ मध्ये कनेक्टिकटमधील साउथपोर्ट येथून ‘स्टँडर्ड’ पिस्तूल विकायला सुरुवात केली, किंमत ३७.५० डॉलर. मुठीचा सांगाडा अखंड पोलादातून कोरून काढण्याऐवजी त्यांनी साच्यात दाबलेल्या पत्र्याचे दोन अर्धे भाग वेल्डिंगने जोडले. पुढची माशी नळीवर आणि मागची खाच तिच्याशी घट्ट जोडलेल्या नळकांड्यावर असल्याने गोळी सुटताना दोन्ही जागच्या जागी राहत. स्वस्त पिस्तूल अचूकही असू शकते, हे रुगर यांनी सिद्ध केले, आणि हौशी नेमबाजीच्या इतिहासात त्यांची ही कामगिरी सर्वांत मोलाची मानावी लागेल. एक दोष मात्र चिकटून राहिला: सफाईसाठी खोललेले पिस्तूल पुन्हा जोडणे किचकट होते. एक कळ दाबून ते उघडण्याची सोय २०१६ च्या ‘मार्क फोर’मध्ये आली.

स्पर्धांमध्ये धक्का आणखी कमी व्हावा म्हणून रॅपिड फायर प्रकारात शॉर्ट काडतूसच वापरले जाई. अथेन्स ऑलिंपिकनंतर (२००४) नियम बदलले आणि तिथेही लाँग रायफल आले. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून याच काडतुसावर खेळली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.