वाट चुकलेल्याला वाटेला लावणे

सह्याद्रीच्या घाटवाटांवर खरी वर्दळ सुरू होई ती दिवाळीनंतर. पावसाळ्यात ओढे भरलेले आणि कातळ शेवाळलेला, त्यामुळे माणसे आणि लदाऊ बैल उघडीप होईपर्यंत थांबत. जुन्नर-आंबेगावात प्रवासाचा हंगाम हिवाळ्याचा होता आणि वाट चुकण्याचाही तोच. पावसात वाढलेले गवत तोवर वाळून कमरेला लागते आणि पायवाट त्यात बुडते. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात, पण कड्याशी जाऊन संपतात. सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि गारठा उतरतो. महाळुंगे पडवळ किंवा मंचर यांसारख्या पूर्वेकडच्या गावांत शिवार मोकळे आहे. तिथून घोड नदीच्या अंगाने आहुप्याकडे जावे तसे डोंगर जवळ येतात, वस्ती विरळ होते आणि परक्या माणसाला सोबतीची गरज भासू लागते.

वाटसरूची सर्वांत जुनी सोय दगडात कोरलेली आहे. कल्याणहून जुन्नरला येणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरची लेणी सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध आहेत, पण चढून आलेल्याला आधी दिसतात ती पाण्याची टाकी. तिथल्याच दुसऱ्या एका लेखात दामघोष नावाच्या गृहस्थाने टाके दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने, लेखात नोंदलेल्या ४६ व्या वर्षी, पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप दिला. नहपानाचा जावई उषवदात याने धर्मशाळा, पाणपोया आणि फुकट नावा यांची सोय केल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे. राजघराण्यातल्या दात्याने दानांच्या यादीत पाणपोईही मोजावी, यावरून त्या काळी वाटसरूला किती मान होता ते कळते.

पण टाके वाट दाखवत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. गावगाड्यात हे काम महारांवर होते. परगावच्या माणसाला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे, सरकारी टपाल न्यायचे, अंमलदारांचे सामान वाहायचे. मोबदला म्हणजे बलुते आणि थोडी वतनी जमीन. शिवेवर पुढच्या गावचा वाटाड्या प्रवाशाला ताब्यात घेई. प्रवाशासाठी ही व्यवस्था भरवशाची होती, पण वाटाड्याला नकार देण्याची मुभा नव्हती. पाहुणचार म्हणून तिचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांत मदतीची रीत वेगळी, कोणत्याही वतनाशी न बांधलेली. इथला प्रत्येक जण चकवा जाणतो. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. उपाय एकच सांगतात: चालणे थांबवावे, बसावे, उजाडू द्यावे. सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल तर सरळ चालतो असे वाटत असतानाही माणसे गोल फिरतात, हे जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी २००९ मध्ये जंगलात आणि सहारा वाळवंटात प्रयोग करून दाखवले. चकव्याचे कारण काहीही मानले तरी वाडीचा सल्ला अचूक आहे, कारण अंधारात चालत राहणारा माणूस कड्यावरून जातो आणि बसून राहिलेला सापडतो.

अशा माणसाला शोधण्याचे साधन म्हणजे कुकारा. उंच जागी उभे राहून लांब हाळी द्यायची, मग गप्प राहून कान द्यायचा. दरीत आवाज घुमतो, म्हणून दिशा पक्की करायला दोन ठिकाणांहून कुकारा घालतात. माणूस सापडला की आधी शेकोटी आणि भाकरी, चौकशी नंतर. सकाळी नुसते बोट दाखवून त्याला सोडत नाहीत. वाट हाती लागेपर्यंत बरोबर जातात. वाटेला लावणे म्हणतात ते हेच.

डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव गेले आणि खोऱ्यातल्या जुन्या पायवाटाही बुडाल्या. आता हिवाळ्यात घाटांवर येतात ते बहुतेक शहरांतले गिर्यारोहक. फोनला रेंज नसते, पाणी संपते, मग शोध सुरू होतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांकडे दोर आणि स्ट्रेचर असतात. पण पथक शहरातून निघून पायथ्याशी पोहोचेपर्यंत वाडीतली पोरे बॅटऱ्या घेऊन कड्याच्या टोकाशी उभी असतात आणि कुकारा घालत असतात.