‘लबाड’ कोल्हा: एका विशेषणाचा अर्थेतिहास

लॅटिनमधील ‘वुल्पेस’ या प्राणिनामापासून ‘वुल्पिनुस’ आणि त्यापासून इंग्रजी ‘व्हल्पाइन’ हे विशेषण सिद्ध झाले. मराठीत ‘कोल्हा’ या नामापासून असे विशेषण रूढ झाले नाही. ते कार्य ‘लबाड’ या स्वतंत्र शब्दाने केले. ही केवळ शब्दसंग्रहातील उणीव नव्हे.

अमरकोशातील कोल्ह्याची नावे स्थूलमानाने दोन गटांत पडतात. क्रोष्टु, फेरव, गोमायु ही ओरडण्यावरून आलेली. भूरिमाय, मृगधूर्तक, वञ्चक ही कपटावरून. संस्कृतात कपटवाचक विशेषणेच नामे झाली होती. मराठीने नामासाठी पहिल्या गटाचा वारसा स्वीकारला: ऋग्वेदातील ‘क्रोष्टृ’, प्राकृत ‘कोल्हुअ’, मराठी ‘कोल्हा’. ‘कोल्हेकुई’ हा शब्द त्याच ध्वनिमूलक जाणिवेचा साक्षी होय. कपटाचा अर्थ मात्र नामाबाहेर, विशेषणाकडे राहिला.

या विशेषणाची मूळ कक्षाही वाणीचीच दिसते. हिंदी ‘लबार’ म्हणजे खोटे बोलणारा. नांदेड-लातूरकडील बोलीत ‘लबाड बोलणे’ म्हणजे खोटे बोलणे. प्रमाण मराठीत अर्थविस्तार होऊन ‘लबाड’ म्हणजे धूर्त, कावेबाज असा आचरणवाचक अर्थ प्रधान झाला. अशा रीतीने ‘लबाड कोल्हा’ या जोडीत नाम आणि विशेषण दोन्ही आवाजाच्या क्षेत्रातून आलेली आहेत.

देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा, उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा शेजार आहे. तेलुगूतही ‘जित्तुलमारी नक्क’ अशी जोडी आहे. कपट सांगणारा शब्द तेथेही प्राणिनामाहून वेगळाच. मात्र एवढ्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. करटक-दमनकांची पंचतंत्रीय परंपरा या सर्व भाषांना समान आहे.

एकोणिसाव्या शतकात इसापकथा मराठीत आल्या, तेव्हा युरोपीय ‘फॉक्स’चा ‘कोल्हा’ झाला. वस्तुतः त्याचा येथील जातभाई खोकड होय. कोल्हा हा ‘जॅकल’. आंबट द्राक्षांचा कोल्हा अनुवादातून आला. ‘काकडीला राजी’ होणारा येथल्या शिवारातला आहे, आणि त्याच्या ठायी कपट नाही, अल्पसंतुष्टता आहे.

म्हणून ‘व्हल्पाइन’साठी सरसकट ‘लबाड’ योजणे सदोष ठरते. तसेच ‘खोटे बोलणारा’ हा अर्थ केवळ ग्रामीण वा प्रादेशिक म्हणून बाजूला सारणे म्हणजे इतिहासाचा क्रम उलटा करणे होय. मराठवाड्याच्या बोलीने येथे प्रमाणभाषेचा अपभ्रंश केलेला नाही. तिने शब्दाचा आधीचा अर्थ जपला आहे.