स्वयंरचित तनुपटले आणि यजमान-अतिथी रसायन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बाह्य साधनाविना, केवळ परस्पर आकर्षणाने रेणूंनी पृष्ठभागावर सुव्यवस्थित थर रचणे म्हणजे स्वयंरचना होय. एका रेणूच्या पोकळीत दुसरा रेणू नेमका सामावणे यास यजमान-अतिथी आंतरक्रिया म्हणतात. या दोन प्रवाहांचा संगम विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. मात्र दोहोंतील महत्त्वाच्या नोंदी १८९१ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

पहिला प्रवाह : पृष्ठभागावरील थर

जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील आग्नेस पॉकेल्स यांना स्त्री असल्यामुळे विद्यापीठीय शिक्षण मिळू शकले नाही. घरकाम सांभाळून त्यांनी पत्र्याच्या उथळ पात्रात पाण्यावरील तेलकट थर पट्टीने सरकवून पृष्ठताण मोजला. हे निष्कर्ष त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे शिफारशीसह पाठविले आणि मार्चमध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये हे थर एकाच रेणूच्या जाडीचे असल्याचे विवेचन केले. कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३५ मध्ये काचेवर असे थर एकावर एक चढविले. १९८३ मध्ये नुझो व अल्लारा यांनी गंधकयुक्त रेणू सोन्यावर स्वतःहून रचले जातात, हे दाखविले.

दुसरा प्रवाह : पोकळी आणि पाहुणा

१८९१ मध्येच फ्रान्समधील व्हिलिए यांनी स्टार्चपासून मिळालेल्या स्फटिकरूप पदार्थाची नोंद केली. तोच पुढे सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणून ओळखला गेला. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा मांडली. १९६७ मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी क्राउन ईथर प्रसिद्ध केले. डॉक्टरेट नसलेल्या पेडरसन यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक क्रॅम व लेन यांच्यासमवेत मिळाले.

संगम

१९९० च्या दशकात गंधकयुक्त सायक्लोडेक्स्ट्रिनचे थर सोन्यावर रचले गेले. त्यानंतर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात राइनहाउट व हुस्केन्स यांच्या गटाने अशा थरांवर अॅडमँटेनधारी रेणू बसविले. सात ग्लुकोज घटकांच्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत अॅडमँटेन चपखल बसते. एकच बंध सहज सुटतो. अनेक बंध एकत्र आले की थर टिकाऊ होतो. तथापि द्रावणात मुक्त सायक्लोडेक्स्ट्रिन पुरेसे मिसळल्यास तो पुन्हा सोडविता येतो. टिकाऊपणा व प्रत्यावर्तनीयता यांचा हा मेळ या तनुपटलांचे वैशिष्ट्य होय.

निष्कर्ष

लँगम्यूर यांना नोबेल मिळाले त्याच १९३२ साली पॉकेल्स यांना सत्तराव्या वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. या इतिहासात उपकरणांइतकेच महत्त्व पदवी न पाहता पत्र वाचणाऱ्या रॅले यांच्या विवेकाला आहे. ते पत्र बाजूला पडले असते, तर या शास्त्राचा एक आरंभ अज्ञातच राहिला असता. महाविद्यालयीन अध्यापक व संशोधन-परीक्षक यांनी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.