हसण्याआधीची भीती

मागच्या दिवाळीत पुण्याचा भाचा रायपूरला, समता कॉलोनीतल्या आमच्या घरी आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्याने टीव्हीवर ‘सिनेमा मरते दम तक’ लावलं. ‘मामा, हे बघाच. जितका पिक्चर वाईट तितकी मजा,’ तो म्हणाला. पहिला अर्धा तास मीही पोट धरून हसलो.

ही सहा भागांची माहितीपट-मालिका, जानेवारी २०२३मध्ये आलेली. कल्पना वासन बाला यांची. नव्वदच्या दशकात अतिशय कमी पैशांत हिंदी चित्रपट काढणारे चार दिग्दर्शक तिने शोधून काढले: विनोद तलवार, जे. नीलम, दिलीप गुलाटी आणि किशन शाह. त्यांना थोडे पैसे देऊन पुन्हा एकेक छोटा चित्रपट करायला सांगितलं, आणि ते काम कॅमेऱ्यात टिपलं. यांतले तलवार म्हणजे ‘वोही भयानक रात’ (१९८९) आणि ‘खूनी पंजा’ (१९९१) या भयपटांचे दिग्दर्शक. आज अशा चित्रपटांचे तुकडे लोक एकमेकांना हसण्यासाठी पाठवतात. मालिकेत मात्र हे लोक सेटवर उभे राहिले की आपलं हसू हळूहळू ओसरतं. वर्षानुवर्षं हातातून सुटलेलं काम परत मिळाल्यावर माणूस जसा दिसतो, तसे ते दिसतात.

अमेरिकेत असंच घडलं होतं. ‘ट्रोल २’ हा १९९०चा भयपट. नावात ट्रोल असले तरी चित्रपटात एकही ट्रोल नाही. जगातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून तो पुढे गाजला. त्यात लहान मुलाचं काम केलेल्या मायकेल स्टीफन्सन यांनीच मोठेपणी, २००९मध्ये, त्याच्या भक्तांवर ‘बेस्ट वर्स्ट मूव्ही’ हा माहितीपट केला. त्यात मूळ दिग्दर्शक क्लाउदिओ फ्रागासो भरलेल्या थिएटरात बसलेले दिसतात. लोक भलत्याच ठिकाणी हसतात आणि त्यांचा चेहरा उतरत जातो. त्यांनी विनोद म्हणून काही केलंच नव्हतं.

आपल्याकडच्या स्वस्त भयपटाची सुरुवातही अशीच गंभीर होती, आणि ती झाली महाबळेश्वरला. रॅमसे कुटुंबाने ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) तिथे चित्रित केला. सात भावांनी कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन वाटून घेतलं आणि युनिटचा स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. ‘पुराना मंदिर’ (१९८४) चालल्यावर इतरांना गणित कळलं: नट मोठा लागत नाही, पोस्टर मोठं लागतं. रॅमसे निदान धुकं आणि प्रकाश नीट वापरत. मागून आलेल्यांकडे तेवढाही वेळ आणि पैसा नव्हता. ज्याला आपण आज ‘वाईट’ म्हणून हसतो, त्यातलं पुष्कळसं त्या जमाखर्चातून आलेलं आहे.

हे चित्रपट विकले जायचे ते आमच्यासारख्या गावांच्या भरवशावर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निघालेलं मध्य प्रदेश राज्य १९५६मध्ये पुन्हा विभागलं गेलं, विदर्भ एकीकडे आणि छत्तीसगढ दुसरीकडे गेला. पण चित्रपट वितरकांच्या वहीत ‘सी.पी. बेरार’ हे क्षेत्र तसंच राहिलं. त्यामुळे सरकारच्या नकाशावर तुटलेले अमरावती आणि रायपूर भुताखेतांच्या बाबतीत एकाच हद्दीत नांदत होते.

मालिका मुंबईत घडते, चित्रपट करणाऱ्यांची बाजू सांगते, आणि ती प्रेमाने सांगते. मला मात्र ती बघताना या हद्दीतली एक प्रेक्षक आठवली.

१९९०च्या आसपासची गोष्ट. याच घरात एका रात्रीसाठी भाड्याने व्हीसीआर आणला होता. तीन कॅसेटी होत्या, त्यातली एक ‘वीराना’ (१९८८). धुणंभांडी करणाऱ्या बाई दाराशी टेकून बघत होत्या. चित्रपटाच्या सुरुवातीलाच विजयेंद्र घाटगे चेटकिणीला जाळ्यात पकडतात आणि गावकरी तिला फासावर चढवतात. आम्ही पोरं उशीत तोंड खुपसून बसलेलो. बाई तेवढ्यात पदर खोचून उठल्या. आईने विचारलं, ‘भीती वाटली का?’ त्या म्हणाल्या, ‘पिक्चरची टोनही दिसते तरी. गावात न दिसणारीला धरतात.’

टोनही म्हणजे इकडची चेटकीण. कुणाचं लेकरू आजारी पडलं, म्हैस मेली, की कुठल्यातरी एकट्या बाईवर आळ येतो. छत्तीसगढने त्यासाठी २००५मध्ये वेगळा कायदा केला. एखाद्या बाईला टोनही ठरवणं हाच त्यात गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. असा कायदा करावा लागला यातच सगळं आलं. चित्रपट पाहून कुणी कुणाला मारलं, असं मी म्हणत नाही. ही भीती चित्रपटांच्या कितीतरी आधीची आहे. पण निर्मात्यांनी विकायला काढलेला माल हाच होता, आणि मुंबईला जे रबरी मुखवट्याइतकं खोटं होतं, ते आमच्या दारात टेकून उभ्या असलेल्या बाईंसाठी खोटं नव्हतं.

म्हणून हे चित्रपट हसण्यावारी नेणं मला अपुरं वाटतं, आणि त्यांचं नुसतं कौतुक करणंही. त्या दिग्दर्शकांचे कष्ट खरे होते. त्यांची थट्टा थांबवून त्यांना माणूस म्हणून समोर आणलं, हे या मालिकेचं मोठं काम. फक्त त्या इतिहासात तिकीट काढून घाबरलेल्यांचं पानही हवं, आणि घाबरून नव्हे तर ओळख पटल्यामुळे उठून गेलेल्यांचंही.

भाच्याला मी हे सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला. थोड्या वेळाने विचारलं, ‘मामा, त्या बाईंच्या घरचं कुणी होतं का हो?’

आम्ही कधी विचारलंच नव्हतं.