मेडशीचा कापूस, लंडनची हुंडी

अकोला–वाशिम रस्त्यावरच्या मेडशीचे नाव आंतरराष्ट्रीय चलनाच्या इतिहासात कुणी शोधायला जाणार नाही. पण जावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला वऱ्हाडी कापसासाठी रुपये लागत आणि लंडनमधल्या भारतमंत्र्याला 'होम चार्जेस', म्हणजे भारत सरकारचा इंग्लंडमधला खर्च, भागवायला पौंड. भारतमंत्री मग लंडनमध्ये 'कौन्सिल बिले' विकी. ही सरकारी हुंडीच. ती मुंबई-कलकत्त्याला वटे, रुपये सरकारी खजिन्यातून निघत, आणि खजिना भरे तो बऱ्याच अंशी शेतसाऱ्याने. कुणब्याने साऱ्यात भरलेला रुपया कापसाचा भाव होऊन त्याच्याच दारी येई. वाटेत अडत्या-दलालांच्या हाताने थोडा झिजे, एवढेच.

१८७० नंतर चांदी घसरली आणि तिच्याबरोबर दोन शिलिंगांच्या आसपासचा चांदीचा रुपया १८९४-९५ मध्ये सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचे भलेच होते, असा युक्तिवाद तेव्हा जोरात होता. तो खोडून काढला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० अर्थशास्त्र शिकवलेल्या भीमराव आंबेडकरांनी. १९२३ मध्ये लंडनला निघालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त ते सांगतात, की हा नफा बाहेरून येत नाही. देशातल्या एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, कारण भाव चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. प्रस्तावना लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅनन यांना त्यातले बरेच पटले नव्हते, तरी त्यांनी ती लिहिली.

मजुरी मागे रेंगाळते, यावर वऱ्हाडातूनच हरकत घेता येईल: कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी बऱ्याचदा कापसातच मिळे, मग भाव चढला तर तिचाही वाटा चढला. खरे आहे, पण वेचणी काही आठवड्यांची. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, बोलणे पाडव्याला होई. ठरलेली रोकड मग वर्षभर तीच, बाजारात तेल-मीठ कितीही महागो. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. १९२७ च्या कायद्याने रुपया एक शिलिंग सहा पेन्सवर चढा बांधला गेला, १९२९ नंतर कापूस कोसळला, आणि तेव्हा भरडला गेला तो जमीनवाला. मात्र यानेही आंबेडकरांचा मुद्दा मोडत नाही. सालदाराची मजुरी रुपयांत बांधलेली, म्हणून महागाई त्याच्या मुळावर आली. कुणब्याचा सारा आणि सावकाराचे व्याज रुपयांत बांधलेले, म्हणून मंदी त्याच्या.