डुक्कर फियाट, पद्मिनी आणि प्रीमियर

‘डुक्कर फियाट’ हे नाव कोणी ठेवले, याची नोंद कुठल्याही कंपनीच्या दप्तरात सापडणार नाही. पण साठीच्या पुढच्या कोणाही मुंबईकराला किंवा ठाणेकराला विचारा, तो लगेच हातांनी आकार करून दाखवील. गोलसर पाठ, फुगीर गाल, पुढे निमुळते होत गेलेले नाक आणि उलटे उघडणारे पुढचे दरवाजे. कंपनी या गाडीला ‘मिलेचेंतो’ म्हणत होती. मिलेचेंतो म्हणजे इटालियन भाषेत अकराशे, इंजिन साधारण तेवढ्या घनसेंटिमीटरचे म्हणून. नंतरच्या आवृत्त्यांना ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’ अशी उंची नावे दिली गेली. लोकांनी ती सगळी बाजूला ठेवली आणि गाडीला तिच्या रूपावरून हाक मारली. त्यात हेटाळणी नव्हती, उलट थोडे लाडच होते. ज्या काळात मोटार ही डॉक्टर, वकील आणि गिरणीमालकांच्याच दारात उभी असे, त्या काळातले हे लाड आहेत.

मोटारींच्या नावांचा हा इतिहास मला मोटारींच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो. गाडी कोणी बनवली, कोणाच्या परवान्यावर बनवली आणि ती कोणाची मानली गेली, या तिन्ही गोष्टी नावात कळतात. आणि आपल्या भागापुरते बोलायचे तर ही गोष्ट कुर्ल्यात सुरू होते आणि कल्याण-शीळ रस्त्यावर येऊन थांबते.

सोलापूरचे वालचंद हिराचंद हे नाव आपल्याला साखर कारखान्यामुळे आणि वालचंदनगरमुळे ठाऊक असते. या माणसाला जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनवायच्या होत्या. त्यांच्या सिंदिया कंपनीचे पहिले जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रजांच्या जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या या जहाजाचे नाव काय असावे? ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा! जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले, पहिल्या महायुद्धात त्यांनी ते रुग्णालय म्हणून सरकारला दिलेले, नाव तेव्हाचेच. पुढे याच कंपनीच्या विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ मध्ये जे जहाज पाण्यात उतरले, त्याचे नाव मात्र ‘जलउषा’. नावाचे महत्त्व या घराण्याला कळत नव्हते असे कोणी म्हणू नये.

मोटारीच्या बाबतीत मात्र त्यांना परक्या नावाशिवाय गत्यंतर नव्हते. वालचंदांनी अमेरिकेत आधी फोर्डकडे प्रयत्न केला, तो जमला नाही. मग क्रायसलरशी बोलणी झाली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये नोंदवली गेली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या काळी कुर्ल्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या मोठ्या अमेरिकी गाड्या तयार होत: डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट. गंमत अशी, की या तिन्ही गाड्या मुळात एकच. पुढची जाळी वेगळी, चकाकत्या पट्ट्या वेगळ्या, बिल्ला वेगळा. अमेरिकेत क्रायसलरचे विक्रेते वेगवेगळे होते, प्रत्येकाला आपली म्हणून दाखवायला एक गाडी हवी होती, त्यातून ही रीत पडली. आपल्याकडे ती जशीच्या तशी आली. म्हणजे डॉजवाला शेठ आणि प्लिमथवाला शेठ क्लबात एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत असतील, तेव्हा दोघांच्या बुडाखाली तेच पोलाद होते.

या गाड्या फार काळ टिकल्या नाहीत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असा पवित्रा घेतला, की जे कारखाने सुटे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम आखतील त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. प्रीमियर राहिली, आणि तिने लहान गाडीसाठी इटलीच्या फियाटचा हात धरला. वालचंद त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. त्यांनी उभ्या केलेल्या कारखान्यातून सर्वाधिक नाव मिळवणारी गाडी बाहेर पडली ती त्यांच्या मागे, १९५४ मध्ये. तीच ही आपली डुक्कर फियाट.

१९६४ मध्ये तिचे रूप बदलले. ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. गोलाई गेली, रेघा सरळ झाल्या, दरवाजे शहाण्यासारखे पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडू लागले. आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर माशाच्या परासारख्या छोट्या कडा उगवल्या. या परांची कुळकथा सांगण्याजोगी आहे. १९४८ च्या कॅडिलॅक गाडीला अमेरिकेत पहिल्यांदा असे पर लागले. जनरल मोटर्सचे रूपकार हार्ली अर्ल यांना ती कल्पना लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाची जोडशेपटी पाहून सुचली होती. दहा-अकरा वर्षे अमेरिकेत या परांची नुसती स्पर्धा लागली. १९५९ ची कॅडिलॅक म्हणजे त्याचे टोक, बंदुकीच्या गोळीसारखे तांबडे दिवे आणि कमरेइतके उंच पर. मग लोक कंटाळले आणि पर उतरले. इटलीत फियाटने त्यांची छोटीशी, घरगुती नक्कल केली होती. ती कुर्ल्याला पोचली तेव्हा अमेरिकेत फॅशन संपलेली होती. तरी आपल्याकडे ते पर २००१ पर्यंत, म्हणजे गाडीचे उत्पादन थांबेपर्यंत कायम राहिले. महायुद्धातल्या विमानाची शेपटी दादरच्या टॅक्सी स्टँडवर काळ्या-पिवळ्या रंगात उभी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता नावाकडे येऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटबरोबरचा परवाना संपला. गाडी बनवता येत होती, पण बिल्ला लावता येत नव्हता. १९७२ मध्ये तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. जवळपास याच सुमारास पुण्याजवळ आकुर्डीत बजाज ऑटोचा पियाज्योबरोबरचा करार संपला, व्हेस्पा हे नाव गेले आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. मद्रासला स्टँडर्ड कंपनीने हेरल्डचे ‘गॅझेल’ केले. परकी नावे गळून पडण्याचा तो काळ होता.

कुर्ला आणि आकुर्डी, दोन्ही कारखाने महाराष्ट्रातले. दोघांनीही नाव शोधायला थेट मेवाड गाठावे, याचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. एकाने चितोडची राणी घेतली, दुसऱ्याने राणा प्रतापाचा घोडा. कारण उघड असावे. गाडी देशभर विकायची तर नाव असे हवे की लखनौपासून मदुराईपर्यंत कोणालाही ते आपले वाटेल आणि कुठल्या एका प्रांताचे वाटणार नाही. पद्मिनी होऊन गेली की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. तिची प्रसिद्ध कथा मलिक मुहंमद जायसीने चितोडच्या वेढ्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिली. पण शोरूममध्ये इतिहासकार येत नाहीत. शिवाय पद्मिनी म्हणजे कमळात बसणारी लक्ष्मी, आणि जुन्या शास्त्रकारांनी स्त्रियांच्या ज्या चार जाती सांगितल्या त्यांत पहिला मान पद्मिनीचा. एका शब्दात एवढे सगळे मिळाले तर कंपनीला आणखी काय हवे?

बाईच्या नावाची मोटार ही आपलीच टूम नव्हे. मर्सिडीज हे एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचे नाव. डाइमलरच्या गाड्या तो नीसमध्ये श्रीमंतांना विकत असे, शर्यतीत मुलीच्या नावाने उतरत असे, आणि १९०२ मध्ये कंपनीने ते नाव रीतसर नोंदवून घेतले. फरक एवढाच, की मर्सिडीज लोकांच्या तोंडी बसले आणि पद्मिनी बसले नाही. जाहिरातीत पद्मिनी, कागदपत्रांत पद्मिनी, पण टॅक्सीवाला आणि गिऱ्हाईक दोघेही शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. इटलीच्या कंपनीने आपले नाव परत नेले, पण लोकांनी ते दिले नाही. माझ्या मते मराठी माणसाच्या तोंडी पद्मिनी न रुळण्याचे कारण साधे आहे. नाव बदलले, पण बदललेले डोळ्यांना काही दिसले नाही. जाळी वेगळी, बंपर वेगळा, अंग तेच. डिलाइटचे रूप वेगळे होते म्हणून लोकांनी ‘डुक्कर’ हे नाव मागच्या गाडीपुरतेच ठेवले. पद्मिनीच्या वेळी वेगळे म्हणावे असे काही समोर नव्हतेच.

तशी गाडी विकण्यासाठी नावाची गरजही नव्हती. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची, ज्याला घाई त्याने ‘ऑन’ द्यायचा. किमतीवर सरकारचे नियंत्रण होते, त्यावरून प्रीमियर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि ही सगळी घडी विस्कटली. प्रीमियरने १९८५ मध्ये उत्तर म्हणून जी गाडी काढली, तिला मात्र नाव देण्याचा उत्साहच उरला नसावा. ‘११८ एनई’. म्हणजे १.१८ लिटरचे निसान इंजिन! अंग होते फियाट १२४ चे, साचे आले होते स्पेनच्या सिआत कंपनीकडून. तीच गाडी रशियात लाडा म्हणून आणि तुर्कस्तानात मुरात म्हणून धावत होती. चौकोनी, ऐसपैस, त्या काळच्या मानाने चैनीची गाडी होती ती. पण पुडीवर औषधाचे नाव असावे तसे तिचे नाव.

आणि मग डोंबिवली. प्रीमियरचा दुसरा कारखाना आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता. कंपनीच्या कागदांत तो ‘कल्याण’चा कारखाना, आम्ही डोंबिवलीकर त्याला कधी कल्याणचा मानला नाही. उदारीकरणानंतर फ्रान्सच्या प्युजोबरोबर भागीदारी झाली आणि १९९४ मध्ये इथून ‘प्युजो ३०९’ बाहेर पडू लागली. पेट्रोलची जीएल, डिझेलची जीएलडी. लोकलला लोंबकळून जाणाऱ्यांच्या गावात युरोपातली गाडी तयार होते आहे, याचे त्या वेळी अप्रूप होते.

प्युजोच्या आकड्यांची रीत १९२९ च्या ‘२०१’ पासूनची: तीन अंक, मध्ये शून्य. हा मधला शून्य त्यांनी असा जपला, की १९६४ मध्ये पोर्शेला आपल्या नव्या ‘९०१’ चे नाव बदलून ‘९११’ करावे लागले. जगातली एक विख्यात गाडी प्युजोच्या आक्षेपामुळे या आकड्याने ओळखली जाते. पण आपल्या डोंबिवलीच्या ३०९ ची गोष्ट त्याहून विचित्र आहे. ती मुळात प्युजो नव्हतीच. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळ ती टॅलबो कंपनीची ‘अ‍ॅरिझोना’ म्हणून आखली गेली होती. टॅलबो म्हणजे क्रायसलरचा युरोपातला धंदा, जो प्युजोने १९७८ मध्ये विकत घेतला होता. गाडी तयार होत असतानाच टॅलबो हे नाव मोडीत काढायचे ठरले, म्हणून १९८५ मध्ये तिला प्युजोचा बिल्ला लावला गेला. ती प्युजोच्या घराण्यातली नसल्यामुळे तिला रांगेतला आकडा न देता थेट नऊवर उडी मारलेला आकडा मिळाला. आता जरा मागे जाऊन पाहा. प्रीमियरने १९४७ मध्ये क्रायसलरच्या एकाच गाडीवर तीन बिल्ले लावून सुरुवात केली. सत्तेचाळीस वर्षांनी तिच कंपनी डोंबिवलीत जी गाडी बनवत होती, तीही क्रायसलरच्याच मोडक्या वाड्यातून निघालेली, दुसऱ्याचा बिल्ला लावलेली. ठरवून असे जुळले नसते.

ते फार दिवस चालले नाही. कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे बिनसले, भागीदारांचेही जमले नाही, आणि १९९७ मध्ये प्युजो निघून गेली. कारखान्यातल्या माणसांच्या वाट्याला काय आले ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. साडेतीन अंकी पगाराच्या दिवसांपासून नोकरीत असलेली माणसे पन्नाशीच्या आत घरी बसली, कोणी रिक्षा घेतली, कोणी शिकवणीच्या क्लासचे फलक रंगवले. मोटारीच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची पाने नसतात. गाडीच्या शेवटच्या नगाचा फोटो असतो, शेवटच्या पाळीचा नसतो.

३०९ चे डिझेल इंजिन मात्र प्रीमियरकडे राहिले. २००९ मध्ये कंपनीने चिंचवडहून ‘रिओ’ नावाची छोटी गाडी काढली, तेव्हा चिनी अंगात हेच फ्रेंच इंजिन धडधडत होते. वालचंद घराण्यातले विनोद दोशी, ज्यांच्या नावाने पुण्यात नाट्यमहोत्सव भरत आला आहे, ते त्याच्या आदल्या वर्षी गेले. रिओही फार चालली नाही.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाहीशी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती भरली. वर्तमानपत्रांनी मथळ्यांत ‘पद्मिनी’ लिहिले, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने बातमी सांगताना ‘फियाट गेली’ असेच म्हटले.

ठाण्यात नितीन कंपनी आहे, गोल्डन डाईज नाका आहे. तिथे आता रोज उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या कंपन्या आठवतात कोण जाणे. आमच्याकडे शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर’ आहे. कंपनीच्या नावाचे मैदान आहे, त्यावर सभा होतात, महोत्सव भरतात. आजूबाजूला उंच इमारती उठल्या आहेत. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसते ‘प्रीमियर’ म्हणा, तो मीटरकडे न बघता भाडे सांगतो.